छतावरची डिश, खोडदची डिश

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणा कोण बोलवायचा, यावर यंदा दीड तास बैठक चालली. एक नाव होतं मालिकेतल्या अभिनेत्रीचं. दुसरं, आमच्याच शाळेत शिकून खगोलशास्त्रात पीएच.डी. झालेल्या मुलीचं. दुसऱ्या नावासाठी दोनच हात वर झाले. त्यातला एक माझा, विज्ञानाच्या मास्तराचा.

अभिनेत्री आल्या, मनापासून बोलल्या. पोरं सेल्फीसाठी मंचावर चढली. मला खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर आठवले. मुलं सही मागायला आली की ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली सही येईल.

मी करमणुकीला हलकं म्हणणार नाही. मी नारायणगावचा, तमाशाच्या पंढरीचा. यात्रांच्या हंगामाआधी इथे फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावची माणसं सुपारी द्यायला येतात. तमाशासम्राज्ञी विठाबाईंचं हे गाव. दिवसभर टोमॅटो तोडून आलेली माझी आई रात्री मालिकेपुढे बसते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा शीण उतरताना मी रोज पाहतो. हे देणं लहान नाही.

पण याच नारायणगावजवळ, खोडदला, दुसरं एक देणं उभं आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशची रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. १४ डिश खोडदच्या आसपास, उरलेल्या १६ तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. ही दुर्बीण उभारणारे डॉ. गोविंद स्वरूप यांनी या डिशचा पृष्ठभाग पत्र्याऐवजी बारीक पोलादी तारांच्या जाळीचा केला. त्यामुळे वारा आरपार जातो, वजन घटतं, खर्च वाचतो. जानेवारी २०२३ मध्ये याच दुर्बिणीच्या मदतीने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतल्या हायड्रोजन वायूतून निघालेली लहर सापडल्याचं जाहीर झालं. आमच्या गावात त्या दिवशी चहाच्या टपरीवरसुद्धा तो विषय निघाला नाही.

असं का होतं? मालिकेचा टीआरपी दर आठवड्याला येतो आणि त्यावर जाहिरातीचा दर ठरतो. जे जास्त डोळ्यांना दिसतं, त्याला लगेच मोल मिळतं. संशोधनाचा असा आठवड्याचा हिशेब नसतो. आणि आपण विद्वत्ता ओळखतो ती गुणपत्रिकेपुरती. दहावीला ९५ टक्के पडले की चौकात फ्लेक्स लागतो. तीच मुलगी पुढे सहा-सात वर्षं एका प्रश्नामागे लागली, की आपण विचारतो, "मग नोकरी कधी?" टीव्हीने आपली माणसं पळवलेली नाहीत. अभ्यासाला दाद कशी द्यायची, ते आपण शिकलोच नाही.

ते शिकता येतं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदचं दार सगळ्यांसाठी उघडतं. गेल्या वर्षी आईला घेऊन गेलो. शाळांच्या गाड्यांची रांग लागली होती. डिशखाली मान वर करून आईने तिथल्या तरुण संशोधकाला विचारलं, "एवढी मोठी डिश, आन् चित्र कुठंय?"

तो हसला नाही. म्हणाला, "आजी, आपल्या घरची डिश कुणीतरी मुद्दाम पाठवलेलं चित्र घेते. हिला कुणी काही पाठवत नाही. आकाशातून येणारी लहर फार क्षीण असते. सगळ्या डिशनी मिळून ती तासन् तास ऐकायची, मग संगणकावर चित्र जुळवायचं." आणि त्याने तिला त्या ८८० कोटी वर्षांची गोष्ट सांगितली.

रात्री मालिका लागली. जाहिराती सुरू झाल्यावर आई म्हणाली, "बाळा, ती लहर निघाली तवा आपलं गाव कुठं व्हतं?"

"आई, तेव्हा पृथ्वीसुद्धा नव्हती."

मालिका पुन्हा सुरू झाली. आईने रिमोट उचलून आवाज कमी केला आणि म्हणाली, "मग? पुढं सांग."

पुढच्या स्नेहसंमेलनाच्या बैठकीत मी आमच्या त्या मुलीचं नाव पुन्हा मांडणार आहे. सोबत मुलांनी लिहिलेल्या प्रश्नांचा गठ्ठा नेणार आहे.