मूल्यमापन : विद्यार्थ्याचे आणि शाळेचेही

‘यंदा निकाल किती टक्के?’ हा प्रश्न माजी विद्यार्थी आणि पालक आम्हांला दरवर्षी आस्थेने विचारतात. तो रास्तच आहे. ज्या घरांतून शाळेत येणारी ही पहिली किंवा दुसरीच पिढी आहे, तेथे गुणपत्रिकेचे मोल फार मोठे असते. परंतु मूल्यमापनाची शासकीय पद्धती गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलली आहे. एका टक्केवारीत ती मावत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तिची ओळख करून देत आहोत.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराचा 2009 चा कायदा झाला आणि आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई झाली. त्याच कायद्याने सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन बंधनकारक केले. महाराष्ट्र शासनाने 20 ऑगस्ट 2010 च्या निर्णयाने त्याची रीत ठरवून दिली. वर्षभर निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय यांतून होते ते आकारिक मूल्यमापन. सत्राच्या अखेरीस होते ते संकलित मूल्यमापन. पहिली-दुसरीत आकारिकाला 70 टक्के भारांश, तर सातवी-आठवीत 40 टक्के. सोबत शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी करावयाच्या असतात.

या नोंदींचे महत्त्व निवासी शाळेत विशेष जाणवते. कोठीतील तांदळाचा हिशोब तोंडी चोख सांगणारा मुलगा भागाकाराच्या लेखी उदाहरणापाशी अडतो. लेखी परीक्षा त्याला गणितात कच्चा ठरवते. ‘तोंडी भागाकार येतो, मांडणीचा सराव हवा’ ही एक ओळ मात्र पुढच्या शिक्षकाला काय करावयाचे ते सांगते. उलट ‘प्रगती समाधानकारक’ असा एकच शेरा पन्नास मुलांपुढे उतरला, तर नोंदवही भरते आणि मूल तेथेच राहते. अनेक ठिकाणी असे घडले, ‘नापास नाही’ याचा अर्थ ‘परीक्षाच नाही’ असा घेतला गेला, हे मान्य केले पाहिजे.

2019 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. पाचवी व आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा, अनुत्तीर्णांना अतिरिक्त मार्गदर्शन, निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा आणि तीतही अपयश आल्यास त्याच वर्गात ठेवण्याची राज्यांना मुभा, असे तिचे स्वरूप आहे. मात्र प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. महाराष्ट्राने 2023 मध्ये ही परीक्षा स्वीकारली.

आमची चिंता त्या दोन महिन्यांची आहे. आपल्याकडे निकाल सर्वसाधारणपणे 1 मे रोजी लागतो. तेव्हा वसतिगृह रिकामे असते. मुले गावी, काही आईवडिलांबरोबर शेतात किंवा वीटभट्टीवर गेलेली असतात. ज्या मार्गदर्शनाच्या भरवशावर कायद्याने मुलाला मागे ठेवण्याची मुभा दिली, ते मार्गदर्शन त्याला मिळाले नाही, तर शिक्षा तेवढी उरते. म्हणून मागे पडणारे मूल मे महिन्यात नव्हे, तर सहामाहीतच ओळखले गेले पाहिजे. वर्णनात्मक नोंद त्यासाठीच आहे.

मुलाला जी कसोटी, ती शाळेलाही हवी. 2015 मध्ये देशपातळीवर सुरू झालेल्या ‘शाळा सिद्धी’ कार्यक्रमात 7 क्षेत्रे व 46 मानके आहेत. आरंभ शाळेच्या स्वयंमूल्यमापनाने होतो, पुढे बाह्य मूल्यमापन होते. इमारत व साधने हे त्यांतील एक क्षेत्र. अध्यापन, विद्यार्थ्यांची प्रगती, समावेशन, आरोग्य व सुरक्षा आणि समाजाचा सहभाग हेही तितकेच मोजले जातात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणखी एक पाऊल सुचविले : शाळा चालविणारी व शाळा तपासणारी यंत्रणा एकच नसावी, त्यासाठी राज्यात स्वतंत्र शाळा मानक प्राधिकरण असावे, शासकीय व खासगी शाळांना समान निकष लावावेत आणि शाळांची मूलभूत माहिती लोकांपुढे खुली असावी.

मानांकनाचाही नोंदवहीसारखा कागद होऊ शकतो. तपासणीपूर्वी भिंती रंगतात, फायली सजतात. हे टाळण्याचे सामर्थ्य पालक आणि माजी विद्यार्थ्यांत आहे. पालकांनी सहामाहीनंतर येऊन आपल्या मुलाची नोंद वाचून दाखवण्यास सांगावे. वाचता येत नसेल तर अधिक हक्काने सांगावे. माजी विद्यार्थ्यांनी सुटीत गावोगावी पुनर्परीक्षेच्या मुलांना रोज एक तास द्यावा. आणि पुढच्या वेळी निकालाची टक्केवारी विचारताना आणखी एक प्रश्न आम्हांला अवश्य विचारावा : जे मूल मागे पडले, त्याच्यासाठी शाळेने काय केले? त्याचे उत्तर देणे आम्ही बांधील मानतो.