व्यवसायवृद्धीचे चतुष्पाद

चिकित्सालय वाढवायचे म्हणजे मोठी जागा, नवी उपकरणे आणि त्यासाठी कर्ज, अशी समजूत वैद्यवर्गात रूढ आहे. कर्ज झेपणारे नाही म्हणून अनेक जण वर्षानुवर्षे आहे तेथेच थांबतात. झेपत नसता कर्ज काढणाऱ्यांची द्रोणी रिकामी राहते. बँकेचा हप्ता मात्र चुकत नाही. या दोहोंहून निराळा मार्ग प्रस्तुत लेखात आम्ही मांडत आहोत. तो म्हणजे व्यवसायाच्या प्रत्येक मूलभूत अंगात थोडी थोडी सुधारणा. जपानी उद्योगांत हीच पद्धत 'कायझेन' या नावाने ओळखली जाते.

प्रथम हिशोब पाहू. एखाद्या वैद्यांकडे महिन्याला ४० नवे रुग्ण येतात, प्रत्येक जण सरासरी ३ वेळा येतो आणि दर भेटीचे शुल्क ३०० रुपये आहे, असे उदाहरणादाखल धरू. औषधे वगळता प्राप्ती ३६,००० रुपये होते. तिन्ही अंगांत केवळ १० टक्के वाढ झाली, तर ४४ रुग्ण, सरासरी ३.३ भेटी व ३३० रुपये शुल्क या हिशोबाने प्राप्ती ४७,९१६ रुपये होते. वाढ ३३ टक्के झाली, कारण ही अंगे बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने जोडलेली आहेत. भाडे, वेतन व वीज यांचा खर्च २०,००० रुपयेच राहिला, तर शिल्लक १६,००० वरून २७,९१६ रुपयांवर जाते.

सुधारणा कोठे करावी, याचे उत्तर आपल्या संहितेतच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद व प्रत्येकाचे चार गुण वर्णिले आहेत. व्यवसायासही तीच चौकट उपयोगी पडते.

१) भिषक् : चारही पादांत वैद्य प्रधान होय. प्रकृती, अग्नी, कोष्ठ व पूर्वीची चिकित्सा यांची नोंद प्रत्येक रुग्णपत्रकात पूर्ण असावी. फलकावर लिहिलेली वेळ पाळावी.

२) द्रव्य : चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, असे शार्ङ्गधर सांगतात. सवलतीच्या मोहाने मोठा साठा करण्यापेक्षा थोडे व वारंवार घ्यावे. आधी आलेले आधी वापरावे. पुडीवर मात्रा, काल व अनुपान सुवाच्य लिहावे.

३) उपस्थाता : उपचारज्ञता, दक्षता, अनुराग व शौच हे त्याचे गुण. दूरध्वनीवर काय बोलावे, स्नेहन-स्वेदनापूर्वी काय तयार ठेवावे, हे सहायकास लिहून द्यावे आणि आठवड्यातून एकदा त्याची उजळणी घ्यावी.

४) रोगी : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व व ज्ञापकत्व हे रुग्णाचे गुण आपल्या साहाय्याने वाढतात. पथ्यापथ्य लिहून द्यावे, पुढील भेटीची तारीख त्याच कागदावर घालावी. सातव्या दिवशी विचारपूस केल्यास अर्ध्यावर चिकित्सा सोडणारे अनेक जण टिकतात.

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. भेटी वाढविणे म्हणजे बऱ्या झालेल्या रुग्णास पुन्हा पुन्हा बोलावणे नव्हे. आमवात वा त्वग्विकार यांसारख्या जीर्ण व्याधींत चिकित्सा अपुरी राहते. ती पूर्णत्वास नेणे एवढाच त्याचा अर्थ. शुल्कही सेवा सुधारल्यानंतरच वाढवावे. नव्या रुग्णांसाठी जाहिरातीचा आधार घेणाऱ्यांनी १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा विसरू नये. मधुमेहासह अनुसूचीतील अनेक व्याधी बऱ्या करण्याच्या जाहिरातींना त्याने मनाई केली आहे. समाधान पावलेला रुग्ण स्वतःच दुसऱ्यास घेऊन येतो.

चारही पाद एकदम हाती घेऊ नयेत. दर तिमाहीस एक पाद निवडावा. एका वहीत नवे रुग्ण, पुन्हा आलेले, मध्येच सोडून गेलेले आणि टाकून द्यावे लागलेले औषध असे चार रकाने आखून रोज संध्याकाळी भरावेत. ज्या रकान्यात तीन महिन्यांत फरक पडला नाही, तेथील उपाय बदलावा. व्याधीत जसे उपशय-अनुपशय पाहून आपण पुढे जातो, तसेच येथेही करावे. वर्षभरात चारही पादांची एक फेरी पूर्ण होते. कर्ज काढावयाचे की नाही, हा निर्णय त्या वहीतील आकडे पाहून मगच घ्यावा, अशी आमची सर्व वैद्यबंधुभगिनींना विनंती आहे.