९९ टक्के सूर्य झाकला, तरी ते खग्रास नव्हे! विदर्भाने पाहिलेल्या 'त्या' दोन मिनिटांत काय घडते?

भंडारा : २०२२च्या दिवाळीतील सूर्यग्रहण आठवते? लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, २५ ऑक्टोबरला मावळत्या सूर्याचा एक भाग झाकला गेला होता. ते खंडग्रास ग्रहण होते. २२ जुलै २००९ रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा सुरत, इंदूर, भोपाळवरून गेला, पण भंडाऱ्यात तेही खंडग्रासच ठरले, आणि त्यात पावसाळी ढग. अनेकांना वाटते, सूर्य थोडा कमी झाकला किंवा थोडा जास्त, अनुभव तोच. प्रत्यक्षात हा फरक दिवस-रात्रीइतका आहे. कसा, ते समजून घेऊ.

एका टक्क्याने काय बिघडते?

सूर्य पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सुमारे ४ लाख पट तेजस्वी आहे. म्हणजे ९९ टक्के सूर्य झाकला, तरी उरलेला एक टक्का चंद्राच्या सुमारे ४ हजार पट प्रकाश देतो. ऊन फिके पडते, पण दिवस दिवसच राहतो. सूर्याभोवतीचे प्रभामंडळ, म्हणजेच 'करोना', जेमतेम पौर्णिमेच्या चंद्राइतके उजळ असते. सूर्याची बारीकशी कोर उरली तरी ते तिच्या झगमगाटात हरवते. ते नीट दिसण्यासाठी शंभर टक्केच लागतात.

खग्रासवेळी काय दिसते?

सुरुवातीचा तासभर फारसे जाणवत नाही. शेवटच्या काही मिनिटांत सगळे वेगाने बदलते. उजेड राखाडी होतो, सावल्यांच्या कडा धारदार दिसतात, हवेत गारवा येतो. पाखरे घरट्याकडे वळतात. पांढऱ्या भिंतीवर किंवा चादरीवर कधी कधी लहरत्या सावल्यांचे पट्टे सरकताना दिसतात.

मग चंद्राच्या कडेवरील दऱ्यांमधून निसटणाऱ्या प्रकाशाचे मणी चमकतात. शेवटचा एकच ठिपका उरतो, तीच प्रसिद्ध 'हिऱ्याची अंगठी'. तो विझला की सूर्याच्या जागी काळी चकती आणि तिच्याभोवती करोनाचे पांढरे झोत. ठळक ग्रह भरदिवसा दिसू लागतात. क्षितिजावर चारही बाजूंनी एकाच वेळी संध्याकाळ झाल्यासारखी तांबूस कडा उमटते. काही मिनिटांत दुसऱ्या बाजूने पुन्हा हिरा चमकतो आणि खेळ संपतो.

विदर्भात हे कधी दिसले?

२२ जानेवारी १८९८ रोजी. हा पट्टा कोकण किनाऱ्यावरून शिरून विदर्भ ओलांडत ईशान्येला शहडोलकडे गेला. त्याची मध्यरेषा भंडाऱ्याच्या वायव्येकडून गेली. जानेवारीतील कोरड्या हवेमुळे जगभरातील खगोलशास्त्रज्ञ इथे उतरले होते. विजयदुर्गला नॉर्मन लॉकियर यांचा तळ होता. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. तिथेच पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या 'सीओईपी'चे, प्रा. कावसजी नेगमवाला यांचे पथकही होते.

वर्धा जिल्ह्यातील पुलगावलाही इंग्रज निरीक्षकांचा तळ पडला होता. पुलगाव आणि धामणगावच्या मधल्या तळणी या छोट्या स्टेशनजवळ ॲनी माँडर आणि त्यांचे पती होते. अवघ्या दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्याने ॲनी यांनी करोनाचा तोवर टिपला गेलेला सर्वांत लांब झोत छायाचित्रात पकडला. खग्रास अवस्था होती सुमारे दोन मिनिटांची. भंडारा रोडहून मुंबईकडे जाणारी गाडी आजही या दोन्ही स्टेशनांवरून जाते.

पुन्हा इथे का दिसत नाही?

सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा आहे आणि जवळपास तितक्याच पट दूरही. म्हणून दोघे आकाशात सारख्याच आकाराचे दिसतात. पण चंद्राची गडद सावली पृथ्वीवर टेकते ती अरुंद पट्ट्यातच. पृथ्वीवर साधारण दर दीड वर्षाने कुठे ना कुठे खग्रास ग्रहण होते. एका ठराविक गावाची पाळी मात्र सरासरी पावणेचारशे वर्षांनी येते. म्हणून ते बघायचे तर पट्ट्यात जावे लागते.

डोळ्यांचे काय?

खंडग्रास अवस्थेत नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे कधीच पाहू नका. गॉगल, एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच किंवा परातीतल्या पाण्यातील प्रतिबिंब, यातले काहीच सुरक्षित नाही. 'आयएसओ १२३१२-२' प्रमाणित ग्रहणचष्मा वापरा. सर्वांत सोपे म्हणजे उन्हात घरची चाळणी धरा, तिच्या प्रत्येक छिद्रातून जमिनीवर सूर्याची कोर उमटेल. फक्त पूर्ण खग्रास अवस्थेत चष्मा काढता येतो, पहिला किरण दिसताच तो पुन्हा लावायचा.

ग्रहणात अन्न दूषित होते किंवा गर्भवतींना धोका असतो, याला वैज्ञानिक आधार नाही. ग्रहणात सूर्यातून वेगळे कोणतेही किरण निघत नाहीत. धोका आहे तो उघड्या डोळ्यांनी पाहण्याचा.

पुढची संधी कधी?

२ ऑगस्ट २०२७ रोजी इजिप्तमधील लक्झरजवळ तब्बल ६ मिनिटे २३ सेकंद खग्रास दिसेल. महाराष्ट्रात ते दुपारनंतर खंडग्रास असेल. भारतातील पुढचे खग्रास २० मार्च २०३४ रोजी, तेही काश्मीर-लडाखच्या भागातून. भंडाऱ्यातून तेव्हाही चाळणीतली कोरच दिसेल. करोना पाहायचा असेल, तर रजा आणि रेल्वेचे आरक्षण दोन्ही वेळेत करावे लागेल.