दोन विजा, एक क्षण

वैशाख सरत आला की महाबळेश्वराच्या कड्यांवर वळवाचे ढग जमतात आणि सावित्रीच्या खोऱ्यात विजा कडाडू लागतात. समजा, अशा एका सायंकाळी एक वीज महाडास पडली व दुसरी पोलादपुरास. या दोन गावांत सुमारे वीस किलोमीटरांचे अंतर आहे. बरोबर मध्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्यास दोन्ही लखलखाट एकदमच दिसले. दोन्ही ठिकाणे त्याच्यापासून सारख्याच अंतरावर. तेव्हा दोन्ही विजा एकाच क्षणी पडल्या, असे तो म्हणाला, तर त्यात चूक काय?

चूक काहीच नाही. परंतु त्याच वेळी महाडाहून पोलादपुराच्या दिशेने एक आगगाडी धावत आहे, अशी कल्पना करू. (पोलादपुरास रेल्वे नाही; कोकण रेल्वे महाड तालुक्यातील वीर स्थानकावरून पुढे निघून जाते. पण कल्पनेच्या गाडीला रूळ लागत नाहीत.) गाडी इतकी लांब की तिचे शेपूट महाडात व इंजिन पोलादपुरात. विजा नेमक्या तिच्या दोन टोकांवर पडल्या आणि तेथे करपल्याचे डाग राहिले. गाडीच्या बरोबर मध्यावर एक शिक्षिका बसलेली आहे. प्रकाश तिच्यापर्यंत येईतो ती पोलादपुराकडे थोडी सरकली. म्हणून पुढचा लखलखाट तिला आधी दिसला, मागचा नंतर.

कोणी म्हणेल, ‘यात नवल ते काय? वीज आधी दिसते, गडगडाट मागून ऐकू येतो, तसेच हे!’ तसे नव्हे. प्रकाश सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. आणि पाहणारा उभा असो वा धावता, त्याने मोजलेला हा वेग बदलत नाही. सारे कोडे येथेच आहे. शिक्षिकेने फीत लावून पाहिले, तो दोन्ही डाग तिच्या जागेपासून सारख्याच अंतरावर. अंतर सारखे, वेग सारखा, तरी पुढचा प्रकाश आधी आला. म्हणजे तिच्या हिशेबाने पोलादपूरची वीज खरोखरच आधी पडली. शेतकऱ्याचा हिशेब जितका बिनचूक, तितकाच तिचाही.

हा विचार आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडला. त्या वेळी ते स्वित्झर्लंडमधील बर्न येथे पेटंट कार्यालयात नोकरीस होते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एसटीतील प्रवाशाला हा फरक किती पडेल? एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग करावे व त्यांतले सुमारे चार घ्यावे. एसटीला उशीर होतो, तो निराळ्या कारणांनी!

मात्र पेरणीआधी कापणी झाली, असे कोणाही प्रवाशाच्या हिशेबात येणार नाही. एका घटनेची खबर प्रकाशाच्या वेगानेही दुसरी घडण्यापूर्वी तेथे पोहोचू शकत नसेल, तरच त्या दोघींचा क्रम पाहणाऱ्यागणिक बदलू शकतो. महाडची वीज पोलादपूरच्या विजेस कारण झालेली नाही. कारण ते वीस किलोमीटर ओलांडण्यास प्रकाशालाही सेकंदाचा सुमारे पंधरा हजारावा भाग लागतो.