हातोडा थांबला की परतणारे सील
(लाटांखालचा कोलाहल : भाग ६)

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर 'द वॉश' नावाचं रुंद, उथळ आखात आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या तिथल्या वाळूवर हार्बर सील हजारोंच्या संख्येने ऊन खात पडलेले असतात. आखाताबाहेरच्या समुद्रात २०१२ मध्ये 'लिंक्स' या पवनऊर्जा प्रकल्पाची उभारणी चालू होती. पवनचक्की उभी राहणार त्या जागी पोलादाचा अवाढव्य पाइल समुद्रतळात उतरवायचा आणि जहाजावरच्या हायड्रॉलिक हातोड्याने तो ठोकत राहायचं. एक पाइल रुतायला हजारो घाव लागतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर पळतो आणि हवेतल्यासारखा चटकन विरत नाही. तेव्हा हा ठोका किती दूरवर पोचत असेल, याचा अंदाज करता येतो.

सीलचं त्यावर काय म्हणणं होतं?

ते कळलं सीलच्याच मानेवरून. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या सागरी सस्तन प्राण्यांवर काम करणाऱ्या गटाने वॉशमधल्या काही सीलना टॅग लावले होते. सीलला पकडायचं, मानेमागचे केस कोरडे करायचे आणि त्यावर टॅग चिकटवायचा. कातडीला कुठेही धक्का नाही; वर्षातून एकदा सील जुने केस टाकतो, तेव्हा टॅगही गळून पडतो. तोवर तो जीपीएसने ठिकाण टिपतो, बुडी किती खोल आणि किती वेळाची याची नोंद ठेवतो, आणि सील किनाऱ्याजवळ आला की मोबाइलच्या टॉवरवरून सगळी माहिती धाडून देतो. आपण रेंज शोधत गच्चीवर जातो. इथे सील आपण होऊन रेंजमध्ये येतो.

या नोंदींतून निघालेलं चित्र चक्रावणारं होतं. ठोकाठोक चालू असताना पाइलपासून २५ किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात सील कमी व्हायचे. काम थांबलेल्या वेळेशी तुलना केली, तर ही घट १९ ते ८३ टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी असावी, असा अंदाज निघाला. मात्र हातोडा थांबला की दोन तासांच्या आत सील पुन्हा नेहमीसारखे पांगलेले दिसत. आणि पवनचक्क्या एकदा फिरू लागल्या की त्यांना टाळण्याचं तर नावच नाही. उलट जवळच्या शेरिंगम शोल प्रकल्पात एक सील एका चक्कीच्या बुंध्यापासून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे असा जात राहिला; नकाशावर त्याच्या वाटेने चक्क सरळ रेघांची चौकट उमटली. बुंध्यांभोवती कालवं-शिंपल्यांची वस्ती होते, त्यामागे मासे येतात आणि माशांमागे सील.

म्हणजे सगळं आलबेल? परतले की संपलं? इतक्या लवकर हात झटकता येत नाहीत. त्याच गटाने दुसरं गणित मांडलं. टॅग लावलेले २४ सील पाइलपासून किती अंतरावर, किती खोलीवर आणि किती वेळ होते, ते पाहून प्रत्येकाच्या कानावर एकूण किती आवाज पडला याचा हिशेब केला. सर्वांत जवळ आलेला सील हातोड्यापासून पावणेपाच किलोमीटरवर होता. तरीही निम्म्या सीलच्या कानावर पडलेला आवाज कायमची इजा होऊ शकेल अशा मर्यादेपलीकडे गेला असावा, असं उत्तर आलं. कुणी कान तपासले नव्हते, हा अंदाजच होता. पण सील त्या जागी परतला, एवढ्यावरून त्याचे कान शाबूत आहेत असं म्हणता येत नाही, हे त्यातून ठळकपणे पुढे आलं.

बधिरपणा चेहऱ्यावर दिसत नाही, ही अडचण आहे. कॅलिफोर्नियात सांताक्रूझला सीलना ऐकण्याची चाचणी द्यायला शिकवलेलं आहे : आवाज ऐकू आला की खूण करायची, मग मासा मिळतो. तिथे १९९० च्या दशकात शेजारच्या बांधकामावर काही दिवस सँडब्लास्टिंग चाललं होतं. नंतरच्या चाचणीत एका हार्बर सीलला नेहमीचे बारीक आवाज ऐकू येईनात. आठवडाभराने कान पूर्ववत झाले. चाचणीची सवय नसती, तर कुणाला पत्ताही लागला नसता.

मग कधीकधी सील गोंगाटातही का थांबतो? याचं उत्तर सेंट अँड्र्यूजच्याच तलावात मिळालं. करड्या सीलपुढे दोन ठिकाणी मासे ठेवले. एकीकडे भरपूर, दुसरीकडे बेताचे. मग पाण्याखालच्या स्पीकरवरून पाइल ठोकल्याचा आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालणाऱ्या टर्बाइनचा आवाज ऐकवला. बेताचे मासे असलेल्या जागी आवाज आला, तर सीलची कमाई १६ ते २८ टक्क्यांनी घटली. भरपूर मासे असलेल्या जागी तोच आवाज लावला, तर काहीच फरक नाही. बाहेर रस्ता खणत असले, तरी मिसळ फक्कड असेल तर गिऱ्हाईक बाक सोडत नाही, त्यातलाच प्रकार. म्हणून गोंगाटाजवळ सील दिसले म्हणजे त्यांना गोंगाट चालतो, असा निष्कर्ष काढणारा अहवाल वाचताना आधी तिथे मासे किती होते ते विचारावं.

स्कॉटलंडच्या सॅमन पाळणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक आहे. जाळ्यांवर झडप घालणाऱ्या सीलना पळवायला त्यांनी पाण्यात कर्कश भोंगे सोडले. सील काही दिवस दबकले, मग सरावले. काही ठिकाणी तर भोंगा म्हणजे जेवणाची घंटाच झाली, अशी तक्रार होती. हार्बर पॉरपॉइज या डॉल्फिनसारख्या बिचाऱ्या छोट्या प्राण्यांना मात्र जाळ्याशी काही देणंघेणं नसताना कित्येक किलोमीटर दूर पळावं लागलं.

त्यावर संशोधक थॉमस गॉट्झ आणि विन्सेंट यानिक यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी २०११ मध्ये दाखवलं की आवाज किती मोठा आहे याइतकाच तो किती झटकन चढतो हाही प्रश्न असतो. क्षणार्धात कळसाला पोचणाऱ्या आवाजाने सील दचकतो, आणि दचकण्याची सवय होत नाही. पुन्हापुन्हा दचकलेले सील अधिकच बिचकू लागले, समोर मासे असूनही तिथे फिरकेनात. हळू चढणाऱ्या आवाजाला ते सरावले. या तत्त्वावर बनवलेल्या यंत्राचा आवाज अगदी अधूनमधून आणि पॉरपॉइजला कमी ऐकू येणाऱ्या पट्टीत असतो. सॅमनच्या एका फार्मवरच्या दीर्घ चाचणीत त्याने सीलचे हल्ले ९० टक्क्यांहून अधिक घटवले. आता पाइलचा घाव आठवा. तोही हळूहळू चढत नाही, एकदम आदळतो.

कशाला सरावायचं आणि कशाला नाही, हे सीलला बारकाईने कळतं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हार्बर सील तिथल्या मासेखाऊ ओर्कांच्या (किलर व्हेलच्या) हाकांकडे दुर्लक्ष करतात, पण सील खाणाऱ्या ओर्कांची हाक स्पीकरवर लागली तरी दूर होतात. अनोळखी मासेखाऊ ओर्कांनाही ते घाबरतात. खात्री पटेपर्यंत परका आवाज धोक्याचाच, असा त्यांचा खाक्या.

उत्तरेकडे आर्क्टिकमध्ये प्रश्न वेगळा आहे. तिथे दाढीवाल्या सीलचे नर वसंतात बर्फाखाली लांबलचक, घसरत जाणारी तान घेऊन माद्यांना साद घालतात. अलास्काच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या ध्वनिमुद्रणांत दिसलं की आसपासचा आवाज वाढला की नरही आवाज चढवतात, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे गळा साथ देत नाही आणि तान ऐकू जाण्याचं अंतर आखडत जातं. वारा आणि बर्फ यांचा आवाज तिथे पूर्वापार आहे. बर्फ हटतोय तशी जहाजं वाढताहेत, आणि त्यांच्या इंजिनांची घरघर नेमकी सीलच्या तानेच्या खालच्या पट्टीत बसते.

(पुढील भागात : पाइलभोवती बुडबुड्यांचा पडदा उभारणारे जर्मन अभियंते)