रंगांचा उतार आणि त्याची दोन टोके

शेताचा उतार कसा पाहावा, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. वरच्या बांधाची उंची कळली, खालच्या बांधाची कळली, की मधल्या जमिनीचा अंदाज येतो. संगणकावर चित्र तयार करताना रंगांचाही असाच उतार करतात. एका कडेला हळदीचा पिवळा, दुसऱ्या कडेला कुंकवाचा लाल, आणि मध्ये पिवळा हळूहळू लाल होत जातो. संगणकवाले याला ‘ग्रेडियंट’ म्हणतात. लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, बचत गटाच्या मसाल्याचे लेबल, सगळीकडे तो दिसतो. मोबाइलवर पिकाचा रंगीत नकाशा येतो, त्यातही तोच असतो. म्हणून घरातल्या सर्वांनी ही गोष्ट एकदा समजून घ्यावी.

मधला रंग हिशेबाचा

पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून होतो. प्रत्येक प्रकाशाचे माप साधारणपणे ० ते २५५ असते. तिन्ही शून्य म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. आपण फक्त दोन टोकांचे रंग सांगतो. मधले सारे रंग संगणक आकडेमोड करून भरतो.

पिवळ्यात लाल २५५, हिरवा २५५ आणि निळा शून्य. लालमध्ये लाल तेवढा २५५. या दोहोंच्या मध्यावर छान नारिंगी येतो. पण एक टोक पिवळे आणि दुसरे निळे धरले तर? शाळेत पिवळ्या रंगात निळा कालवला की हिरवा होतो, हे मुलांनाही ठाऊक असते. संगणकाच्या साध्या हिशेबात मात्र मध्यावर तिन्ही माप सुमारे १२८ येतात आणि रंग निघतो करडा, राखेसारखा. लाल आणि हिरव्याच्या मध्ये असाच मळकट शेवाळी रंग येतो. त्यावर उपाय सोपा आहे. मध्ये पिवळ्याचा तिसरा थांबा द्यावा. मग लालाचा पिवळा, पिवळ्याचा हिरवा असा स्वच्छ उतार मिळतो.

उताराची खाचरे होतात तेव्हा

डोंगरउतारावर भाताची खाचरे पायरीपायरीने उतरतात. रंगांचा उतारही कधी तसा दिसतो. समजा, दहा फुटी फ्लेक्सवर रंगाचे माप २०० वरून २२० वर नेले. मध्ये पायऱ्या फक्त वीस. म्हणजे दर सहा इंचांना एक पट्टा. मोठ्या फलकावर हे पट्टे उठून दिसतात. दोन टोकांच्या रंगांत फरक वाढवला किंवा उतारावर बारीक कणांची पखरण केली, तर पट्टे पुसट होतात. या पखरणीची सोय चित्राच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये ‘नॉइज’ या नावाने असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकाराने लहान केले जाते आणि पट्टे वाढू शकतात. छापखान्याला चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

लेबलाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. गडद कडेवर पांढरी अक्षरे ठसठशीत दिसतात, पण तीच ओळ फिकट कडेला पोचली की नाहीशी होते. नेमके वजन आणि तारीखच वाचता आली नाही, तर गिऱ्हाईक पाकीट खाली ठेवते. शिवाय पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छापखाना शाईने. पडद्यावरचा भडक हिरवा कागदावर मंद होतो. हजार लेबले छापण्याआधी एक नमुना हातात घेऊन पाहावा.

पिकाचा नकाशा वाचताना

निरोगी पान सूर्यप्रकाशातील लाल किरण शोषते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परत फेकते. उपग्रह हे दोन्ही मोजतो. त्यावरून उणे १ ते अधिक १ यांमधला एक आकडा काढतात. त्याला ‘एनडीव्हीआय’ म्हणतात. या आकड्याला स्वतःचा रंग नसतो. लाल ते हिरवा हा उतार नकाशा करणारा त्यावर चढवतो.

आता समजा, तुमच्या पिकाचा आकडा ०.६५ आहे. नकाशाची टोके ० आणि १ धरली असतील, तर शेत हिरवट दिसेल. तीच टोके ०.६ आणि ०.८ धरली, तर तेच शेत लालसर दिसेल. पीक तेच, पाने तीच, बदलली ती टोके! म्हणून नकाशाच्या बाजूची रंगपट्टी आणि तिच्यावरचे आकडे आधी पाहावेत. मागच्या आठवड्याशी तुलना करायची, तर दोन्ही वेळची टोके सारखी आहेत ना, हेही तपासावे.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांपैकी पहिला २०१५ साली सोडला गेला. या कामी त्यांच्या चित्रातला एक चौकोन १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतो, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. नकाशात गुंठ्याच्या आतही रंग मऊपणे बदलताना दिसला, तर तो बदल हिशेबाने भरलेला असतो, मोजलेला नसतो.

लाल डाग पाहून लगेच युरियाचे पोते आणायला निघू नये. त्या जागी जाऊन रोप उपटून पाहावे, ओल पाहावी, पानाची खालची बाजू पाहावी. कुठे पाहायचे ते नकाशा सांगतो. का झाले, ते शेतात उभे राहिल्यावरच कळते.