बाजारात ओळख, घरी पाहुणचार

आजीच्या पाककृती, शहापूरच्या साड्या किंवा बेळगावी कुंदा यांसाठी घरचे संकेतस्थळ काढले, तरी लोकांना त्याची वाट दाखवावी लागते. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप त्यासाठीच वापरा. सगळा मजकूर तिथे ओतू नका. ऑर्कुट २०१४ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये बंद झाले. टिकटॉकवर भारतात २०२० मध्ये बंदी आली. तिथे जमलेला गोतावळा पांगला. व्हॉट्सॲपचे स्टेटस तर २४ तासांत जाते.

म्हणून तिथे एक फोटो, दोन ओळी मराठीत, दोन कन्नडमध्ये आणि संकेतस्थळाचा पत्ता द्या. इन्स्टाग्रामवर तो प्रोफाइलमध्येही टाका. पूर्ण कृती, मापे, जुनी छायाचित्रे आपल्या संकेतस्थळावरच ठेवा. त्याच्या नावाचे नूतनीकरण मात्र दरवर्षी न विसरता करा.